मुगदळासारखी मुळे: कांद्याच्या रोपवाटिकेतील एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका नेटशेडमध्ये कांद्याची रोपे १८० ट्रेमध्ये वाढवली जात होती. ट्रे साधारण ५४ बाय २८ सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर खोल. माध्यमात धुतलेली वाळू तीन भाग आणि चाळलेले कंपोस्ट एक भाग. वाळूमुळे रोप उपटताना मुळे तुटत नाहीत, म्हणून ही पद्धत निवडली होती. अशा माध्यमात सेंद्रिय भाग कमी असतो आणि पाणी झपाट्याने खाली उतरते. पुढच्या घडामोडींत या दोन्ही गोष्टींचा हात आहे.

सातव्या दिवशी उगवण झाली. नवव्या दिवशी बहुतेक रोपे दुमडलेल्या अवस्थेत होती, म्हणजे पात चिमट्यासारखी वाकून वर आलेली आणि तिचे टोक अजून बियाण्यात अडकलेले. त्या वेळी मुळे जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब होती. मर रोग (रोपे बुडाशी कुजून कोलमडणे) येऊ नये म्हणून त्याच दिवशी बुरशीनाशकाची आळवणी झाली, म्हणजे द्रावण फवारण्याऐवजी मुळाशी ओतले गेले. पाठीवरचा १६ लिटरचा पंप, नोझल काढलेले, दर ट्रेला अर्धा लिटर. एका टाकीत ३० ट्रे होत गेले, म्हणून एकूण सहा टाक्या लागल्या. सुरुवात दाराकडच्या बाकांपासून झाली. कोणत्या ट्रेला कितव्या टाकीतले पाणी मिळाले हे कोणी लिहून ठेवले नव्हते, पण ट्रे जागचे हलले नव्हते, त्यामुळे तो क्रम नंतर जुळवता आला.

कांद्याच्या मुळांचा स्वभाव इथेच सांगायला हवा. बियाण्यातून निघालेले पहिले मूळ कांद्यात फार काळ कामाचे राहत नाही. रोपाच्या बुडाशी असलेल्या खोडाच्या चकतीतून एकामागून एक नवी मुळे फुटतात आणि रोप त्यांच्यावर जगते. या मुळांना फाटे कमी फुटतात, मूलरोमही विरळच असतात. टोमॅटोचे एक टोक मेले तर मागून दहा फाटे निघतात, कांद्याला ती सोय नाही. त्याचे पाणी आणि अन्न किती जोमदार टोके खाली सरकत आहेत यावर ठरते.

अडचण

तेराव्या दिवशी दाराकडचे ट्रे मागे पडलेले दिसले. पात बुटकी, बुडाशी जाडसर आणि नेहमीपेक्षा गडद हिरवी होती. रोपे मरत नव्हती, नुसती थांबली होती. अन्न कमी पडले असावे असे समजून चौदाव्या दिवशी १९:१९:१९ हे विद्राव्य खत दिले गेले. सोळाव्या दिवशी पातीची टोके करपली. आता मर रोगच आला असे धरून दुसऱ्या आळवणीची तयारी झाली, त्याच पंपाने.

ती आळवणी थांबली हा या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण. पंप भरण्याआधी पर्यवेक्षकाने प्रत्येक बाकावरून दोन-दोन रोपे माध्यमासकट उचलून पाण्याच्या भांड्यात सोडली. मुळे न ओढता वाळू आपोआप गळू दिली आणि ती काळ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहिली. ओढून काढलेल्या रोपाचे टोक मातीत तुटून राहते आणि पाहायचे असते नेमके तेच. या तपासणीला अर्धा तास लागला.

दाराकडच्या रोपांची मुळे जेमतेम ९ ते १५ मिलिमीटर लांब होती, म्हणजे नवव्या दिवसापासून जवळजवळ तिथेच. प्रत्येक मुळाच्या टोकाला मुगदळासारखी फुगवटी होती, पांढरी, गुळगुळीत आणि दाबल्यावर टणक. त्याच मुळाच्या मागच्या भागापेक्षा ती दुप्पट ते तिप्पट जाड होती. कुजका वास नव्हता, तपकिरी डाग नव्हता. चकतीतून नवी मुळे निघत होती, पण ३-४ मिलिमीटरवर तीही फुगून थांबली होती. मागच्या बाकांवरच्या रोपांची मुळे मात्र ट्रेच्या तळाला टेकली होती.

टोकात काय बिघडले असेल

मुळाची लांबी टोकाच्या काही मिलिमीटरांत तयार होते, मागचा भाग फक्त मागेच राहतो. अगदी पुढे मूलटोपी असते. तिच्या बाहेरच्या पेशी मातीशी घासून गळतात आणि बुळबुळीत श्लेष्मा सोडून वाट सोपी करतात. मधल्या पेशींतले जड पिष्टकण खाली बसतात आणि खाली कोणते हे मुळाला त्यांवरून कळते. टोपीच्या मागे विभाजी ऊती, म्हणजे पेशी विभागून नव्या बनतात तो भाग, कांद्यात साधारण पहिल्या एक-दोन मिलिमीटरांत. तिच्या गाभ्यात क्वचितच विभागणाऱ्या पेशींचा छोटा पुंजका असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. ए. एल. क्लाउज यांनी १९५०च्या दशकात त्याचे वेगळेपण दाखवले आणि त्याला शांत केंद्र हे नाव मिळाले. भोवतालच्या पेशींना विभागत्या अवस्थेत ठेवणे आणि त्या नष्ट झाल्या तर नव्याने भरून काढणे हे त्याचे काम.

विभाजी ऊतीच्या मागे लांबण्याचा पट्टा. इथे पेशी विभागत नाहीत, पाणी शोषून लांबीला दहा-दहा पट वाढतात. जाडी मात्र फारशी वाढत नाही, ती का हे समजले की हे प्रकरण निम्मे सुटते. पेशीच्या आतले पाणी भिंतीवर सगळीकडून सारखाच दाब टाकते. त्या दाबाने पेशी चेंडूसारखी फुगायला हवी. पण पिंपाला लोखंडी कड्या घालाव्यात तसे सेल्युलोजचे धागे भिंतीत आडवे गुंडाळलेले असतात, म्हणून पेशीला लांब होण्याखेरीज वाट उरत नाही. हे धागे आडवेच विणले जावेत यासाठी पेशीच्या आतल्या कडेला सूक्ष्मनलिका दिशा देतात. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे तुर्कतंतूही याच सूक्ष्मनलिकांचे.

म्हणजे टोक आखूडही आहे आणि फुगलेलेही आहे, पण मेलेले नाही, तेव्हा दोन कामे एकदम थांबली आहेत: विभाजन आणि वाढीची दिशा. या दोन्हींना जोडणारी एकच गोष्ट आहे, सूक्ष्मनलिका. भिंगातून दिसलेल्या आकाराने संशयाची सुई इथवर आणली होती. पण रोपवाटिकेत फक्त आकारावर विसंबणे धोक्याचे असते, म्हणून बाकीच्या शक्यता रीतसर वगळल्या गेल्या.

वगळलेल्या शक्यता

पिथियमसारख्या बुरशीत टोक तपकिरी आणि मऊ होते. मूळ दोन बोटांत धरून ओढले की बाहेरची साल निसटते आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो. इथे साल घट्ट होती.

सूत्रकृमींच्या गाठी तयार व्हायला वेळ लागतो. सगळ्या रोपांच्या सगळ्या टोकांवर एकाच वेळी, एकाच आकाराच्या गाठी सूत्रकृमी करत नाहीत.

आम्ल मातीत मोकळ्या झालेल्या अ‍ॅल्युमिनियमने टोके आखूड आणि जाड होतात खरी, पण ती ठिसूळ, तपकिरी आणि भेगाळलेली असतात, आणि सामू साधारण ५च्या खाली गेल्याशिवाय हा त्रास होत नाही. माध्यमाचा सामू ६.७ निघाला.

कॅल्शियम किंवा बोरॉन कमी पडले तर विभाजी ऊती आधी मरते आणि टोक काळपट पडते. शिवाय सगळे ट्रे एकाच ढिगातल्या माध्यमाने भरलेले होते, तेव्हा कमतरता मागच्या बाकांवरही दिसायला हवी होती.

२,४-डीसारख्या संप्रेरकी तणनाशकानेही मूळ जाड होते. पण त्यात टोकाच्या मागे आखूड फाट्यांची दाटी होते आणि पात पिळवटते. इथे यातले काहीच नव्हते.

क्षारांनी तपास थोडा भरकटवला. दाराकडच्या ट्रेमध्ये निचऱ्याच्या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचे माप, मागच्या ट्रेच्या दुप्पट होती. क्षारांनीच मुळे आखडली असे कोणालाही वाटले असते, पण क्रम उलटा होता. मुळे आधी थांबली, म्हणून रोपांनी खत उचलले नाही, म्हणून ते माध्यमात साठले आणि पातीची टोके करपली. चौदाव्या दिवसाचे खत दिले नसते तर ही गुंतागुंत झालीच नसती.

पेशी मेल्या आहेत की फक्त थांबल्या आहेत हे इव्हान्स ब्ल्यू या रंगाने स्वस्तात कळते. त्याचे ०.२५ टक्के द्रावण, त्यात मूळ १५ मिनिटे, मग पाणी निवळ होईपर्यंत धुवायचे. जिवंत पेशीचे पटल हा रंग आत येऊ देत नाही, मेलेली पेशी निळी होते. फुगलेल्या टोकांवर मूलटोपीच्या गळत्या पेशींपुरताच निळा रंग दिसला. टोके जिवंत होती.

सूक्ष्मदर्शकाखाली

विसाव्या दिवशी टोके एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे दोन चुका झाल्या, आणि दोन्ही कुठल्याही प्रयोगशाळेत सहज होण्यासारख्या आहेत.

पहिली चूक नमुन्याची. सर्वांत मोठ्या फुगवट्या निवडल्या गेल्या, कारण त्यांत विकृती ठळक दिसत होती. पण अकरा दिवस थांबलेल्या जुन्या टोकात विभागणाऱ्या पेशीच उरत नाहीत. त्या फुगून केव्हाच प्रौढ झालेल्या असतात. काचपट्टीवर मोठमोठ्या पेशी आणि वेडीवाकडी, खाचा पडलेली केंद्रके दिसली, गुणसूत्रे जवळजवळ नाहीतच.

दुसरी चूक पद्धतीची. पुढच्या खेपेला चकतीतून नुकतीच निघालेली कोवळी मुळे घेतली, पण शिकवण्यासाठी नेहमी वापरतात तीच कृती केली. तिच्यात गुणसूत्रे सुटी सुटी मोजता यावीत म्हणून टोके आधी काही तास कोल्चिसिनमध्ये ठेवतात. कोल्चिसिन सूक्ष्मनलिका बनू देत नाही, म्हणजे ज्याचा संशय होता तोच परिणाम प्रयोगशाळेने स्वतः घडवून आणला. निरोगी आणि बाधित टोके सारखीच दिसली, आणि त्या पट्ट्यांवरून काहीच ठरवता येईना. निरोगी टोके सोबत घेतली होती म्हणून निदान चूक लक्षात तरी आली.

तिसऱ्या खेपेला पूर्वप्रक्रिया पूर्ण वगळली. वापरलेली कृती अशी:

१. सकाळी ३-५ मिलिमीटरची नवी मुळे कापून लगेच तीन भाग इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लाच्या ताज्या मिश्रणात २४ तास. नंतर ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवली तर बरेच दिवस टिकतात.

२. पाण्याने धुऊन १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला ८ ते १० मिनिटे. वेळ कमी पडला तर पेशी सुट्या होत नाहीत, जास्त झाला तर गुणसूत्रे रंग धरत नाहीत.

३. पुन्हा धुऊन अ‍ॅसिटोकार्मिन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या द्रावणात २० ते ३० मिनिटे. सर्वांत गडद होतो तो पहिला दीड-दोन मिलिमीटरचा भाग ठेवून बाकीचा कापून टाकायचा.

४. ४५ टक्के अ‍ॅसिटिक आम्लाच्या थेंबात आच्छादन काच ठेवून, वर टिपकागद धरून अंगठ्याने सरळ खाली दाब. काच बाजूला सरकली की पेशी गुंडाळल्या जातात आणि पट्टी वाया जाते.

मागच्या बाकांवरच्या रोपांत पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था सगळ्या दिसल्या. दाराकडच्या रोपांत पश्चावस्था आणि अंत्यावस्था एकही नव्हती. होती ती आखूड झालेली, पेशीभर विखुरलेली गुणसूत्रे, मध्यरेषेवर रांगेत न आलेली. काही पेशींत १६ ऐवजी ३२. म्हणजे गुणसूत्रांची दुप्पट झाली, पण त्यांना ओढून वेगळे करणारे काही नव्हते आणि पेशी न विभागता तशीच पुढे गेली. कोल्चिसिनने कांद्याच्या मुळात हेच घडते हे पेशीशास्त्रज्ञ अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये दाखवले होते आणि अशा अडलेल्या विभाजनाला सी-मायटोसिस हे नाव दिले होते. रोपवाटिकेत कोल्चिसिन असण्याचे कारण नव्हते. सूक्ष्मनलिकांवर असाच घाव घालणारा, शेतीत सर्रास असणारा गट म्हणजे डायनायट्रोअ‍ॅनिलिन तणनाशके. पेंडिमेथॅलिन त्यांतलेच.

ते आले कुठून

पंप उघडल्यावर टाकीच्या तळाशी, रबरी नळीत आणि मुठीतल्या गाळणीवर केशरी-पिवळा डाग सापडला. पेंडिमेथॅलिनचा रंगच तसा आहे आणि प्लास्टिकवर तो चिवटपणे बसतो. आळवणीच्या चार दिवस आधी हाच पंप शेतात उगवणीपूर्व तणनाशकासाठी वापरला गेला होता. नंतर तो साध्या पाण्याने एकदा विसळला होता.

‘एवढ्याशा उरलेल्या थेंबांनी काय होणार’ हा प्रश्न साहजिक आहे, म्हणून हिशेब मांडून पाहावा. लिटरमागे सुमारे ३०० ग्रॅम घटक असलेले तणनाशक लिटर पाण्याला ५ मिलिलिटर या प्रमाणात घातले तर फवारणीच्या पाण्यात लिटरला १.५ ग्रॅम घटक असतो. टाकीच्या तळाशी, पंपात आणि नळीत मिळून पाव लिटर पाणी राहिले तर त्यात ३७५ मिलिग्रॅम. पुढच्या १६ लिटरमध्ये ते मिसळले की लिटरला २३ मिलिग्रॅम, अर्ध्या लिटरमागे जवळपास १२ मिलिग्रॅम. ट्रेचे क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटर आहे, म्हणजे चौरस मीटरला साधारण ७८ मिलिग्रॅम, हेक्टरी पाऊण किलोहून थोडे जास्त. शेतात तणे मारायला हेक्टरी साधारण एक किलो घटक वापरतात! फवारणीत द्रव पातळ पसरतो, आळवणीत ओतला जातो. पाव लिटरचे एवढे मोठे मोल होते ते त्यामुळे.

या हिशेबाची उलटतपासणीही झाली. पहिली टाकी संपल्यावर पुन्हा पाव लिटरच उरले असेल तर दुसऱ्या टाकीत घटक ६४ पट कमी व्हायला हवा होता आणि मुळांवर खूण दिसायला नको होती. प्रत्यक्षात अठराव्या दिवशी मुळांची सरासरी लांबी पहिल्या टाकीच्या ट्रेमध्ये ११, दुसरीच्या २१, तिसरीच्या ३६ आणि पुढच्या तिन्हींच्या ४५ मिलिमीटरच्या आसपास भरली. परिणाम टप्प्याटप्प्याने उतरत गेला. याचा अर्थ द्रव फक्त तळाशी साचलेला नव्हता. नळी आणि गाळणीला चिकटलेला थर बुरशीनाशकाच्या पाण्यात हळूहळू सुटत होता.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज मात्र वेगळाच होता. पेंडिमेथॅलिन कांद्यात वापरतातच, मग कांद्याला ते बाधेल कसे, असे म्हणत पंपाची शक्यता दोन दिवस मागे टाकली गेली. शेतात कांदा बऱ्याच अंशी जागेमुळे वाचतो. हे द्रव्य पाण्यात फारच कमी विरघळते, लिटरला एक मिलिग्रॅमही नाही, आणि मातीच्या कणांना धरून वरच्या थरात राहते. पुनर्लागवड केलेल्या रोपाची टोके त्याखाली असतात, तणाचे उगवते बी मात्र त्यातच सापडते. ट्रेमध्ये टोके वरच्या दीड सेंटिमीटरमध्येच होती. माध्यम वाळूचे, धरून ठेवणारा सेंद्रिय भाग कमी, वरून अर्धा लिटर पाण्याचा लोट. तेलकट थेंबांच्या रूपातले तणनाशक थेट टोकांपर्यंत उतरले. कोवळ्या, दुमडलेल्या अवस्थेतल्या कांद्याला ते सोसत नाही हे तर वेगळेच.

खात्रीसाठी ज्वारीची चाचणी घेतली. तीन पेले, प्रत्येकी २० बिया: एकात पहिल्या टाकीच्या ट्रेचे माध्यम, दुसऱ्यात तेच माध्यम लिटरला ५ ग्रॅम सक्रिय कोळशाची पूड मिसळून, तिसऱ्यात न वापरलेले माध्यम. सातव्या दिवशी पहिल्या पेल्यात मुळे आखूड आणि टोकाशी फुगलेली, तिसऱ्यात लांब आणि बारीक. कोळशाच्या पेल्यात ती जवळजवळ तिसऱ्यासारखी. कोळसा सामू किंवा क्षारांचा त्रास असा दूर करत नाही, सेंद्रिय विष मात्र धरून ठेवतो. या चाचणीने द्रव्याचे नाव कळत नाही. पण डाग, क्रम, पेशींचे चित्र आणि ही चाचणी मिळून निर्णय घ्यायला पुरेसे होते. रासायनिक पृथक्करणासाठी माध्यमाचा नमुना काचेच्या बरणीत गोठवून ठेवला, पण रोपांना तो निकाल येईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते.

पर्याय

ज्वारीचा निकाल एकविसाव्या दिवशी अजून हातात नव्हता, तरी पर्यायांची चर्चा सुरू झाली.

थांबून वाट पाहणे सर्वांत सोपे होते. पण पेंडिमेथॅलिन मातीत कित्येक आठवडे ते काही महिने राहते, आणि कांद्याची नवी मुळे चकतीतून निघतात, म्हणजे नेमकी सर्वांत दूषित थरातून. प्रत्येक नवे टोक त्याच सापळ्यात येणार होते.

भरपूर पाणी देऊन धुऊन काढण्याचा आग्रह काहींनी धरला. क्षार असते तर तो योग्य ठरला असता. पाण्यात न विरघळणाऱ्या द्रव्याला पाणी फारसे हलवत नाही, आणि त्या भरात आखूड मुळांची रोपे हवेअभावी गुदमरली असती.

नव्या माध्यमात रोपे हलवणे खात्रीचे, पण कष्टाचे. कोळशाची आळवणी स्वस्त, मात्र अशा रोपांवर तिचा भरवसा नव्हता. रोपे टाकून पुन्हा पेरणी म्हणजे तीन आठवडे गमावणे.

केलेली कृती

सर्व ट्रेंना एकच उपाय न लावता टाकीनुसार निर्णय झाला, आणि तो योग्य होता.

पहिल्या टाकीच्या ३० ट्रेंमधली रोपे टाकून दिली. त्यांचे माध्यम कंपोस्टच्या ढिगात जाऊ दिले नाही. ते ट्रेही कडक ब्रशने साबणाच्या पाण्यात घासले.

दुसऱ्या टाकीच्या ३० पैकी २५ ट्रेंमधली रोपे पाण्यात बुडवून सोडवली, मुळे दोनदा धुतली आणि नव्या माध्यमात त्याच खोलीवर लावली. चकती खोल गेली तर कोवळी पात कुजते, उघडी राहिली तर नवी मुळे वाळतात. उरलेल्या ५ ट्रेंवर कोळशाचा प्रयोग केला, लिटरला १० ग्रॅम पूड, ट्रेला अर्धा लिटर, सारखे ढवळत.

तिसऱ्या टाकीच्या ट्रेंना हात लावला नाही. अठराव्या दिवशीच त्यांच्या मुळांत बोलकी खूण दिसली होती: मध्ये मण्यासारखी फुगवटी आणि तिच्या पुढे पुन्हा बारीक, सरळ मूळ. मात्रा थोडी असेल तर विभाजी ऊतीतल्या काही पेशी सावरतात आणि वाढ पूर्ववत होते. असा मणी दिसला की रोप संकटातून बाहेर पडले आहे असे समजायला हरकत नाही.

मुळे आखूड असलेल्या सर्व ट्रेंचे खत बंद केले. पाणी दिवसातून एकदाऐवजी तीनदा, थोडे थोडे, कारण एवढ्याशा मुळांना खालच्या ओलाव्याचा उपयोग नव्हता. दुपारच्या उन्हात सावलीची जाळी ओढली.

पंपाच्या नळ्या आणि रबरी चकत्या बदलल्या. टाकी डिटर्जंटच्या पाण्याने भरून, दांड्यातून वाहू देऊन, रात्रभर तशीच ठेवली आणि मग तीनदा धुतली. धुण्याचे पाणी गटारात किंवा विहिरीजवळ न सोडता ज्या शेतात तणनाशक वापरले होते तिथेच पसरले. एवढे करूनही हा पंप रोपांसाठी पुन्हा वापरला नाही.

निष्पत्ती

नव्या माध्यमात हलवलेल्या रोपांपैकी साधारण सत्तर टक्के जगली. दोन आठवड्यांत त्यांना चार-पाच नवी, पांढरी, बारीक टोकाची मुळे आली. जुनी मुगदळासारखी मुळे तशीच राहिली आणि नंतर सुकून गळाली, सुधारली एकही नाही. सुधारणा झाली ती नव्या मुळांमुळे.

कोळशाच्या ट्रेंमध्ये निकाल अर्धामुर्धा होता. वरच्या सेंटिमीटरभर थरातून नवी मुळे नीट बाहेर पडली, पण कोळसा पोचला नव्हता तिथे जाऊन काही पुन्हा फुगली. ज्वारीच्या पेल्यात तो सगळीकडे मिसळला होता, ट्रेमध्ये वरून ओतला होता, फरक त्याचाच.

तिसऱ्या टाकीची रोपे आठवडाभर उशिराने लागवडीला आली, चौथी ते सहावी वेळेवर. पुन्हा पेरलेल्या ३० ट्रेंमध्ये दोष दिसला नाही.

वेगळे काय करता आले असते

तेराव्या दिवशी, पहिली शंका आली तेव्हाच, रोपे धुऊन टोके पाहिली असती तर पाच दिवस वाचले असते आणि दुसऱ्या टाकीच्या रोपांपैकी बरीच जास्त हाती लागली असती. मुळाचे टोक न पाहता खत देणे ही या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली कृती. पंप दूषित होता ही झालेली चूक, खत ही ओढवून घेतलेली.

मर रोगाची लक्षणे नसताना सरसकट आळवणी करायची गरज होती का, हाही प्रश्न उरतो. ती लागणारच असेल तर दुमडलेली अवस्था टळून पात सरळ झाल्यावर करता आली असती. तोवर टोके खोल गेलेली असतात आणि पंपात काही राहिलेच असेल तर त्याचा घाव सौम्य बसतो.

नमुन्यांबाबत दोन बदल प्रयोगशाळेने स्वतःच्या टिपणात केले. संशयित बाधेच्या नमुन्यावर पूर्वप्रक्रिया करायची नाही, आणि बाधित नमुन्याबरोबर त्याच दिवशी कापलेली निरोगी मुळे आल्याशिवाय काम हातात घ्यायचे नाही.

रोपवाटिकेत आता तणनाशकाच्या पंपाला लाल रंगाचा पट्टा आहे आणि तो वेगळ्या खोलीत कुलपात असतो. आळवणीसाठी पंपाऐवजी झारी वापरतात. कोणत्या झारीतले पाणी कोणत्या ट्रेला गेले हे ट्रेच्या कडेला खडूने लिहितात. शिवाय प्रत्येक आळवणीच्या आदल्या दिवशी तयार द्रावणाचा कपभर नमुना ओल्या टिपकागदावर ओतून त्यावर ज्वारीचे दहा मोड आलेले दाणे ठेवतात. बुरशीनाशकाने ज्वारीचे मूळ सहसा फुगत नाही. दुसऱ्या दिवशी टोके बारीक आणि पुढे सरकलेली दिसली तरच आळवणी होते.